उजेडाची भांडी, अंधाराची भांडी

चीनमधल्या शिआनची सहल करून आलेल्या मराठी घराच्या शोकेसमध्ये बहुधा एक करड्या मातीचा सैनिक उभा असतो, तिथल्या प्राचीन सम्राटाच्या थडग्यात सापडलेल्या सैनिकांसारखा. वीतभर उंच, केसांचा अंबाडा एका बाजूला बांधलेला, शेजारी ताजमहाल आणि कुणाच्या तरी लग्नात मिळालेला चांदीचा गणपती. चीनमधल्या एखाद्या घरी, त्यातही आजी-आजोबा असलेल्या घरी, हाच सैनिक नातवानं हौसेनं आणला तर त्याला दाराबाहेरच थांबावं लागण्याची शक्यता मोठी. थडग्यातलं घरात कशाला? ही प्रतिकृती आहे, गेल्या महिन्यात कारखान्यात भाजलेली आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही. आकार थडग्यातला आहे ना, मग झालं. आपल्याकडे कुणी अंत्यविधीचं मडकं 'अगदी नवं आहे हो' म्हणून स्वयंपाकघरात आणून ठेवलं, तर घरातलं माणूस जे म्हणेल तेच आजी म्हणते.

पण मग फोटोचं काय? फोटोही शेवटी आकारच. मूळ वस्तू संग्रहालयात काचेआड राहते, पण तिचा आकार फोनमध्ये बसून घरी येतो, उशाशी झोपतो. थडग्यातल्या वस्तूंचे फोटो काढण्याबद्दल चिनी लोकांत जे विधिनिषेध आहेत त्यांची मुळं या साध्या शंकेत आहेत. त्यातले काही अडीच हजार वर्षांच्या विचारातून आलेले आहेत, काही कॅमेऱ्याबरोबर आले आणि काही तर कालपरवा इंटरनेटवरच्या थडगेचोरांच्या कादंबऱ्यांतून. सगळे एकाच पोत्यात घालून 'अंधश्रद्धा' अशी चिठ्ठी लावायची घाई केली की त्यातलं बरंच काही हातचं जातं.

मृताबरोबर पुरण्यासाठीच मुद्दाम घडवलेल्या वस्तूंना चिनीत मिंगछी म्हणतात. छी म्हणजे भांडं, उपकरण. 'मिंग' मात्र दोन अक्षरांनी लिहिता येतो आणि दोन्हींचा उच्चार एकच. एक मिंग म्हणजे उजेड, दुसरा मिंग म्हणजे पाताळातला काळोख. जुन्या ग्रंथांत पहिला येतो, दिव्य लोकातल्या वापराची भांडी अशा अर्थानं. बाजारात आणि गप्पांत मात्र बहुतेकांच्या मनात दुसराच असतो.

'लि-जी' या विधिग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी याचं स्पष्टीकरण आहे. गेलेल्याशी तो पूर्ण मेलाच आहे असं समजून वागणं निष्ठुरपणाचं, आणि जिवंतच आहे असं समजून वागणं अडाणीपणाचं. म्हणून त्याच्याबरोबर वस्तू द्यायच्या त्या मधल्या. बांबूचं भांडं करायचं, पण वापरता येणार नाही असं. तंतुवाद्याला तारा चढवायच्या, पण सुरात लावायच्या नाहीत. घंटा ओतायच्या, पण त्या टांगायची चौकट द्यायची नाही. म्हणजे वस्तू हुबेहूब, पण मुद्दाम निकामी ठेवलेली. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला आपण भोकं पाडतो आणि शेवटी ते मागे टाकून फोडतो, तेव्हा हातून घडतं ते याहून फार वेगळं नाही. त्या मडक्यातून पुन्हा कुणी पाणी पिणार नाही, एवढं पक्कं करायचं असतं.

ही सीमा सगळ्याच संस्कृतींनी आपापल्या परीनं आखली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातले प्रौढ घराच्या जमिनीखालीच पुरलेले सापडले, घोट्याखाली पाय तोडून. मेलेल्यानं घरातच राहावं, पण चालू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. चिन्यांनी मृताचे पाय तोडले नाहीत, त्यांनी वस्तूचे पाय तोडले असं म्हणता येईल.

पुढे याला सरकारी मोजमापही आलं. थांग काळात वस्तूंची हौस इतकी वाढली की इ. स. ७४१ मध्ये दरबारानं संख्या कमी केली: तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना आधी ९० नग चालत ते ७० वर आणले, सामान्य माणसाला १५ ची मर्यादा घातली. नग साध्या मातीचे हवेत, लाकूड, सोनं, चांदी, तांबं, कथील चालणार नाही, असंही बजावलं. आज संग्रहालयांत दिसणारे पिवळ्या-हिरव्या-तपकिरी ओघळांचे घोडे आणि उंट याच काळातले. त्यांना सान्त्साय म्हणतात, म्हणजे 'तीन रंग'. शिशाची झिलई, कमी आचेवरची भट्टी. शिसं विषारी, म्हणजे या झिलईची ताटली जेवणाला चालणारच नाही. लि-जीचा नियम रसायनातही पाळला गेला, ठरवून असो वा नसो.

थडग्यातली प्रत्येक वस्तू मिंगछी नसते, हे इथेच सांगायला हवं. मृताच्या रोजच्या वापरातली कांस्यपात्रं, आरसे, तलवारीही बरोबर पुरत. चिनी संग्राहक यांत काटेकोर फरक करतो आणि भीतीचं माप त्याप्रमाणे बदलतं. कांस्याचं मद्यपात्र पूर्वी जिवंत माणसानं वापरलेलं, त्याचा दोष कमी. फक्त थडग्यासाठी घडवलेला मातीचा नोकर जास्त वाईट. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे मृताच्या अंगाला लागलेला जेड. हान घराण्याच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, शरीराची नऊ द्वारं जेडच्या बुचांनी बंद करत, जिभेवर जेडचा सिकाडा किडा ठेवत, मुठींत जेडची डुकरं देत. मान्छंगला १९६८ मध्ये सापडलेल्या राजपुत्र ल्यू शंगच्या अंगावर तर जेडच्या २,४९८ तुकड्यांचा, सुमारे ११०० ग्रॅम सोन्याच्या तारेनं शिवलेला पूर्ण पोशाख होता. जेडचा किडा विकत घेताना जाणता माणूस आधी भोक बघतो. दोरा ओवायचं भोक असेल तर तो दागिना, जिवंत माणसानं घातलेला. भोक नसेल तर तो जिभेवरचा. आणि भोकाच्या कडा धारदार, आतून पांढऱ्या, बाकी अंगासारख्या मुरलेल्या नसतील तर ते भोक विक्रेत्यानं परवा पाडलेलं. जिभेवरच्या किड्याचा फोटो फोनच्या पडद्यावर लावायला धजणारे फार थोडे.

आता कॅमेरा. चिनी भाषेत फोटो काढण्याला जे शब्द आहेत त्यातले दोन बघा. एक चाओश्यांग. यातला 'चाओ' म्हणजे प्रकाश टाकणं आणि आरशात पाहणंही. दुसरा शृ-यिंग. 'यिंग' म्हणजे सावली, आणि 'शृ' म्हणजे ओढून घेणं, शोषणं. एखाद्याचा प्राण ओढून घेण्यासाठी जे क्रियापद वापरतात तेच हे. भाषेनंच फोटोवर संशय घेतलेला, तिथे माणसांना काय दोष द्यायचा?

लेखक लू शुन यांनी १९२४ साली फोटोंबद्दल एक तिरकस लेख लिहिला. आपल्या लहानपणीच्या गावाला त्यांनी त्यात 'एस' म्हटलंय, ते शाओशिंग. तिथले लोक फोटो काढून घ्यायला राजी नसत, कारण माणसाचं तेज त्यात निघून जातं. नशीब जोरावर असताना तर मुळीच काढू नये. कमरेपर्यंतचा फोटो तर नकोच, कारण कमरेतून दोन तुकडे करण्याची शिक्षा लोकांच्या आठवणीत होती. तिघांनी एकत्र फोटो काढला तर मधला आधी जातो, ही समजूत चिनी जगात अजून ऐकू येते. 'फोटो काढला की आयुष्य कमी होतं' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पणज्यांना यातलं काहीच परकं वाटलं नसतं. आपण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाही. चिनी माणूस जिवंताचा कृष्णधवल फोटो काळ्या चौकटीत लावत नाही, कारण ती चौकट अंत्यविधीतल्या तसबिरीची.

पण थडग्यातल्या वस्तूंच्या बाबतीत मला 'तेज जातं' या समजुतीपेक्षा आरशाची समजूत जास्त महत्त्वाची वाटते. चिनी घरात मृत्यू झाला की आरसे झाकतात किंवा काढून ठेवतात. शवपेटीचं प्रतिबिंब ज्याला आरशात दिसेल त्याच्या घरी पुन्हा मृत्यू होतो, अशी भीती. देव्हाऱ्यातल्या मूर्तींपुढे लाल कागद किंवा कापड लावतात, देवांना ते दिसू नये म्हणून. भिंग हा आरसाच, आणि तोही असा की प्रतिबिंब कायम धरून ठेवणारा. आरशावर कापड टाकलं की काम भागलं, पण फोनमधलं प्रतिबिंब झाकणार कसं? या समजुतींचं मूळ वस्तूच्या शापात शोधणारे म्हणूनच चुकतात. प्रेत आणि आरसा समोरासमोर आणू नये, एवढाच जुना नियम नव्या यंत्राला लागू झालाय.

हे ध्यानात घेतलं की फोटो काढताना लोक काय काय करतात ते उलगडू लागतं. दक्षिणेकडचा कँटनी भाषक बटण दाबण्याआधी पुटपुटतो, 'याउ ग्वाय मोक ग्वाय'. म्हणजे साधारण, काही चुकलं-माकलं तर राग मानू नका. उत्तरेकडचा माणूस 'त्रास देतोय' एवढंच म्हणतो. थडग्याच्या दाराशी ठेवलेल्या राखणदार प्राण्याचा फोटो अगदी समोरून, डोळ्याला डोळा भिडवून काढायचा नाही, किंचित बाजूनं काढायचा. थांग थडग्यांत हे प्राणी जोडीनं असतात, एक माणसाच्या तोंडाचा, एक सिंहाच्या, आणि त्यांच्यामागे राक्षसाला पायाखाली घेतलेले दोन चिलखतधारी राजे. हे राजे म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेले आपले लोकपाल, दिशांचे रक्षक. बाहेरून येणाऱ्याला हाकलण्यासाठीच त्यांची तोंडं दाराकडे वळवलेली असतात, म्हणून समोर उभं राहणारा घुसखोर ठरतो. योगायोग असा की फोटोच्या दृष्टीनंही तिरकी बाजूच चांगली. समोरून काढलेल्या फोटोत शिंगं आणि पंख सपाट होतात.

आणखी काही नियम. स्वतःला आणि मूर्तीला एकाच चौकटीत घ्यायचं नाही. मूर्तीची नक्कल करत उभं राहायचं नाही. घरच्यांच्या फोटोंच्या संचात हे फोटो मिसळायचे नाहीत. सातव्या चांद्र महिन्यात, म्हणजे त्यांच्या पितृपक्षात, रात्री काढायचे नाहीत. गरोदर बाई आणि लहान मूल यांनी लांब राहायचं, जसं ते अंत्ययात्रेपासून राहतात. हाँगकाँग, तैवान, सिंगापूरकडे पंचांगही बघतात. चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो; त्या दिवसाशी ज्याच्या जन्मवर्षाचा प्राणी भांडतो त्यानं शवपेटी बंद होताना पाठ फिरवायची, हा अंत्यविधीचा नियम काही जण संग्रहालयातही ओढून आणतात. हाँगकाँगच्या चित्रपटवाल्यांचा रिवाज सगळ्यांत सुटसुटीत आहे: चित्रीकरणाच्या मुहूर्ताला कॅमेऱ्यावर लाल कापड घालून पूजा, आणि मेलेल्याची भूमिका करणाऱ्याला किंवा तसबिरीपुरता फोटो देणाऱ्याला लाल पाकिटात पैसे. हिशेब जागच्या जागी मिटला.

थडग्याच्या आग्नेय कोपऱ्यात मेणबत्ती लावा, विझली तर वस्तू ठेवून परत फिरा, हा नियम मात्र प्राचीन म्हणून सांगितला जातो तेवढा प्राचीन नाही. तो आजच्या पिढीपर्यंत पोचला तो लोकप्रिय कादंबऱ्यांतून. बंद भुयारात ज्योत मंदावली तर प्राणवायू कमी आहे, हे खरं. कोपरा कुठला याच्याशी हवेला देणंघेणं नाही.

इथवर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीला, जेव्हा खासगी संग्राहक फोटोआधी वस्तू 'शुद्ध' करायला घेतो. सांगितले जाणारे उपाय असे: भर दुपारच्या उन्हात ठेवा, मिठाच्या पाण्यानं पुसा, मगवर्टचा, म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीचा, धूर द्या, मनशीळ शिंपडा, लाल कापडात गुंडाळा. यातला प्रत्येक उपाय वस्तूच्या मुळावर येतो.

मीठ सगळ्यात वाईट. कमी आचेवर भाजलेली माती स्पंजासारखी. मिठाचं पाणी आत शिरतं, सुकताना मिठाचे स्फटिक झिलईच्या मागे वाढतात आणि तिला आतून ढकलतात. दमट हवेत ते विरघळतात, कोरड्या हवेत पुन्हा वाढतात. दोन-चार पावसाळ्यांत झिलईचे पापुद्रे पडतात आणि संग्राहक म्हणतो, बघा, वस्तू बाधित होती. झिलई नसलेल्या मूर्तींवर पांढऱ्या मातीचा थर आणि त्यावर न भाजता लावलेले रंग असतात. त्यांना पाणीही नको, फडकंही नको. रंग बोटाला लागून येतो. ऊन जुन्या डागडुजीचा डिंक सैल करतं आणि लाखेच्या वस्तूला तडे पाडतं. धुराचं काजळ छिद्रांत बसतं. मनशीळ हे आर्सेनिकचं संयुग, स्वतःच उजेडात टिकत नाही, त्याची पिवळी भुकटी होते आणि ती विषारीच. आणि लाल कापडाचा कच्चा रंग दमट दिवसांत उघड्या मातीत उतरला की तो डाग कायमचा.

कुणाला खरंच काही करायचंच असेल तर हात जोडावेत. त्यानं झिलई निघत नाही.

वस्तू हाताळायचीच असेल तर पद्धत ठरलेली आहे. टेबलावर आधी जाड फोम, त्यावर धुतलेलं न रंगवलेलं सुती कापड. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवायचं. झिलईदार वस्तूला सुती हातमोजे नकोत, घसरते. नायट्राइलचे मोजे किंवा स्वच्छ कोरडे हात. सान्त्साय घोडा आतून पोकळ असतो, साच्यातून काढलेले तुकडे पातळ मातीनं जोडलेले, पोटाखाली बहुधा एक लांबट उघडं भोक. उचलताना एक हात पोटाखाली, दुसरा छातीशी. मान, पाय, शेपूट धरायचं नाही, कारण पाय अनेकदा नंतर प्लास्टरमध्ये केलेले असतात. कित्येक घोड्यांच्या मानेवर खाच आणि मागे भोक असतं. ते मोडलेलं नसतं, तिथे खऱ्या केसांची आयाळ आणि शेपटी लावलेली असे आणि ती कुजून गेली. फोटोत ही खाच दिसेल असा एक कोन जरूर घ्यावा. शेजारी १० सेंटिमीटरची मोजपट्टी आणि करडं कार्ड, नाहीतर तपकिरी कुठला आणि पिवळा कुठला यावर पुढची दहा वर्षं वाद चालतो.

संग्रहालयात काचेबाहेरून काढणाऱ्याचे प्रश्न वेगळे, आणि 'फोटोत भूत आलं' या कथांचा उगम जवळजवळ पूर्णपणे इथे आहे. रेशीम, लाख, रंगवलेली माती यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. झिलईदार भांड्याला किंवा दगडाला ३०० लक्सही चालतो. ५० लक्समध्ये भिंगाचं तोंड एफ २.८ आणि कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता आयएसओ १६०० ठेवली तर शटरची उघडझाप सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागाची मिळते. काचेवरची चमक मारायला पोलरायझर, म्हणजे परावर्तित उजेड गाळणारी काच, लावला की उजेड जवळजवळ एक तृतीयांशावर येतो आणि वेग पंधराव्या भागावर येतो. कॅमेऱ्याच्या तिपाईला बहुतेक ठिकाणी बंदी. हात हलतो, मूर्तीला दोन डोळ्यांचे चार होतात. मागून कुणी चालत गेलं तर काचेत त्याची अर्धपारदर्शक आकृती उमटते. स्वतःचा चेहरा नेमका मूर्तीच्या खांद्यावर बसतो. उपाय: भिंगावर रबरी टोपी, ती हलकेच काचेला टेकवायची, मागे काळं कापड किंवा काळा सदरा, कोपर अंगाशी घट्ट, आणि एका दमात पाच फोटो, त्यातला एक बरा निघतो. पोलरायझर काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करून उभं राहिलं की सगळ्यात चांगलं काम करतो, सरळ समोरून जवळजवळ काहीच नाही. राखणदार प्राण्याचा जुना नियम इथेही कामी येतो.

फोटोवर काळे आडवे पट्टे आले की लोक चपापतात. चीनमध्ये, आपल्यासारखीच, वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. फोनचं इलेक्ट्रॉनिक शटर जलद ठेवलं की ते मिणमिणणं पट्ट्यांच्या रूपात पकडलं जातं. वेग पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे गायब. फ्लॅश मारल्यावर तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे भिंगाजवळची धूळ. उन्हाळ्यात जमिनीखालच्या थडग्यातून बाहेर येताना फोटो धुरकट येतो तो 'यिन', म्हणजे पाताळातल्या काळोख्या, वाफेमुळे नव्हे. आत शिरताना भिंग तापलेलं असतं, म्हणून गार जागी फारसं बिघडत नाही. बाहेर पडताना गार भिंगावर गरम दमट हवा बसते आणि ते धुकटतं. म्हणून दाराशीचा शेवटचा फोटोच नेहमी 'भारलेला' निघतो. कॅमेरा पिशवीत बंद करून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा.

आणि एक अगदी नव्या काळातली भीती: फोन मातीच्या मूर्तीच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन आखतो. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी रिकाम्या भिंतीवर आखतो. यंत्र चेहरा ओळखतं ते मुख्यतः उजेड-अंधाराच्या मांडणीवरून: दोन गडद ठिपके आणि त्यांच्यामध्ये-खाली उजळ भाग. ओल आलेल्या भिंतीवर असे ठिपके हवे तेवढे सापडतात. पण रात्रीच्या वेळी हे वाक्य आठवत नाही, हेही कबूल.

फोटो काढू नका म्हणणाऱ्यांच्या विरोधात सगळ्यात मोठी साक्ष चीनमधल्या छांगशा शहराची. तिथल्या मावांगदुईच्या पहिल्या थडग्याचं उत्खनन १९७२ मध्ये झालं. 'ताय' सरदाराची पत्नी शिन चुइ हिचं शरीर दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही मऊ राहिलेलं. तिच्याबरोबरच्या लाखेच्या एका भांड्याचं झाकण उघडलं तर पाण्यात कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या, भोकंसुद्धा स्पष्ट. भांडं हलवताना त्या विरघळून गेल्या. त्या क्षणी घेतलेला फोटो उरला. हा फोटो काढणाऱ्यानं कुणाचं तेज ओढून घेतलं असेल तर ते कमळकाकडीचं, आणि नाहीतरी ते जाणारच होतं. शिआनजवळच्या थडग्यातल्या, चीनचा पहिला सम्राट छिन शृ हुआंगच्या, मातीच्या सैनिकांचंही तसंच. १९७४ च्या मार्चमध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, आणि मातीचा देव म्हणून काहींनी उदबत्तीही लावली. सैनिक मुळात रंगीत होते, एक जांभळा तर माणसानं रसायनातून बनवलेला. पण रंगाखाली कच्च्या लाखेचा थर आहे. जमिनीतली ओल सुटून कोरडी हवा लागली की पंधरा सेकंदांत तो वळू लागतो आणि चार मिनिटांत सुटून पडतो. म्हणून आता पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी, थर धरून ठेवणारी रसायनं हाताशी ठेवूनच माती बाजूला करतात, आणि कॅमेरा पहिल्या क्षणापासून चालू असतो.

मात्र या कॅमेऱ्याची दुसरी बाजूही आहे. चिनी बाजारात 'कच्चा खड्डा' आणि 'मुरलेला खड्डा' असे शब्द आहेत. पहिला म्हणजे नुकतं जमिनीतून निघालेलं, दुसरा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हाताळून गुळगुळीत झालेलं. जुन्या पद्धतीच्या चिनी संग्राहकाला दुसरा हवा असतो, पहिल्याला तो हात लावत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुओयांगजवळ रेल्वे घालताना मांग टेकडीतली थडगी उघडली आणि सान्त्साय घोडे ढिगानं निघाले, तेव्हा स्थानिक लोकांना ते अशुभ वाटत. त्यांना मान मिळाला तो लुओ चन-यु यांच्यासारख्या विद्वानांनी लक्ष घातल्यावर. १९१६ साली त्यांनी मिंगछींची सचित्र सूचीच काढली. पुढे हाँगकाँगच्या हॉलीवूड रोडवर, जुन्या वस्तूंच्या दुकानांत, हे घोडे विकले गेले तेही जास्त करून परदेशी गिऱ्हाइकाला. आज ओल्या मातीसकट काढलेला मूर्तीचा फोटो कुणी विकायला पाठवला तर त्याचे दोनच अर्थ. एक तर ती चोरी, कारण १९८२ च्या कायद्यानं जमिनीखालचं सगळं सरकारचं. नाहीतर ती लुओयांगच्या नानशृशानसारख्या गावात, जिथे सान्त्सायच्या प्रतिकृतींचा धंदाच आहे, तयार झालेली आणि नंतर कुणीतरी चिखल थापलेली. खरी माती छिद्रांत मुरलेली असते, थापलेली ओल्या कापसाच्या बोळ्यानं सरळ निघून येते. इथे आजीचा नियम कायद्याच्या बाजूनं उभा राहतो: थडग्यातलं घरात आणू नये.

गंमत म्हणजे हीच माणसं एका घोड्यापुढे सगळे नियम विसरतात. १९६९ मध्ये गान्सूतल्या वूवेइजवळ लेइताइला बॉम्बहल्ल्यापासून बचावाचं भुयार खणताना हान काळाचं थडगं लागलं. त्यात कांस्याचा धावता घोडा, ३४.५ सेंटिमीटर उंच, एक खूर उडत्या पक्ष्यावर टेकलेला. शंभर टक्के थडग्यातला. १९८३ मध्ये तो चिनी पर्यटनाचं बोधचिन्ह झाला आणि चौकाचौकांत उभा राहिला. त्याचं दात विचकणारं हिरवं कापडी खेळणं मुलं उशाशी घेऊन झोपतात. आजीला विचारलं तर ती म्हणेल, तो वेगळा. कसा वेगळा ते सांगणार नाही. बहुधा इतक्या लोकांनी पाहिल्यावर त्याच्यात अंधार उरला नाही, असं तिला वाटत असावं.

मिंगछी बनणं मात्र थांबलेलं नाही. आता ती कागदाची असतात, बांबूच्या काड्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेली, आणि पुरण्याऐवजी जाळली जातात. बंगला, गाडी, नोकर, सोन्याच्या विटा. कागदी नोकराला डोळे काढतात, पण बुबुळाचा ठिपका देत नाहीत. दिला तर तो जागा होईल. नेत्रोन्मीलन झाल्याशिवाय मूर्तीत देव येत नाही, या आपल्या समजुतीचीच ही उलटी बाजू. दुकानात या नोकरांचे फोटो काढू लागलं तर मालक हात आडवा करतो.

त्याच दुकानात कागदी मोबाइलही मिळतात, खोक्यासकट, चार्जर आणि इअरफोनसकट. मागच्या बाजूला कॅमेऱ्याची भिंगं छापलेली असतात, एकाखाली एक काळी वर्तुळं, चमक दाखवायला प्रत्येकात एक पांढरा ठिपका. त्यांतून काही दिसत नाही. तारा चढवलेल्या आहेत, सूर लावलेला नाही.